वाचकांचे प्रश्न: इयन रँकिन, रीबस आणि नाशिकमधली गुन्हेकथा

एडिनबराचा पोलीस अधिकारी रीबस हा नायक रचणाऱ्या स्कॉटिश गुन्हेकथाकार इयन रँकिन यांची ओळख करून देणारा लेख गेल्या अंकात आला आणि नाशिक, सिन्नर, निफाड भागातून भरपूर पत्रं आली. काही पत्रं नुसत्या वाचकांची, तर बरीचशी स्वतः गुन्हेकथा लिहू पाहणाऱ्यांची. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न निवडले आहेत.

इन्स्पेक्टर रीबसच्या पंचवीस कादंबऱ्या आहेत म्हणता. पहिल्यापासून सुरुवात करू का? (कॉलेज रोड)

पहिल्यापासून नको. ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ (१९८७) लिहिताना रँकिन पंचविशीत होते. एडिनबरा विद्यापीठात म्युरिअल स्पार्क या कादंबरीकर्तीवर पीएच.डी. करायला बसले होते आणि प्रबंध बाजूला ठेवून कादंबऱ्या लिहीत होते. आपण गुन्हेकथा लिहितोय असं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. स्टीव्हन्सनच्या जेकिल आणि हाइडला, म्हणजे एकाच माणसाच्या भल्या-बुऱ्या दोन रूपांना, आजच्या एडिनबरात आणून बसवायचं, एवढाच बेत होता. पहिल्या खर्ड्यात तर रीबस शेवटी मरतो. मालिकेचा विचारच नसल्यामुळे पुढे आपल्याला आवडणारा रीबस या पुस्तकात अर्धामुर्धाच भेटतो.

‘ब्लॅक अँड ब्लू’ (१९९७) घ्या. मालिकेतली ही आठवी कादंबरी. तिला ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर हा पुरस्कार मिळाला आणि रँकिन यांचं नाव झालं. ती आवडली तर ‘द फॉल्स’ (२००१). तिच्यातला एक धागा खऱ्या इतिहासातला आहे. १८३६ साली एडिनबरातल्या आर्थर्स सीट टेकडीवर सशांच्या मागे लागलेल्या पोरांना एका कपारीत सतरा छोट्या शवपेट्या सापडल्या. बोटभर लांबीच्या, प्रत्येकीत कपडे घातलेली लाकडी बाहुली. त्यातल्या आठ उरल्या, त्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात बघायला मिळतात. कुणी ठेवल्या, कशासाठी, याचा उलगडा आजवर झालेला नाही. रँकिन यांनी काय केलं, तर बेपत्ता मुलीच्या गावात एक नवी शवपेटी सापडवली. जुनं कोडं न सोडवता त्याच्या आधाराने नवं कसं उभं करायचं, हे यात नीट शिकायला मिळतं.

या दोन झाल्या की मग पहिलीपासून क्रमाने जा. ‘टूथ अँड नेल’ लंडनमध्ये घडते, ती मागे ठेवली तरी चालेल. ‘एक्झिट म्युझिक’ (२००७) आणि त्यानंतरची पुस्तकं मात्र उलटसुलट वाचू नका. त्यात रीबस निवृत्त होतो, आजारी पडतो, आणखीही बरंच घडतं, आणि नंतरचं पुस्तक आधी वाचलं तर सगळं फुटतं.

नाव व्हायला किती पुस्तकं लागली? तोवर घर कसं चाललं? मी सातपूरला कंपनीत आहे, नोकरी सांभाळून लिहितो. (सातपूर)

‘ब्लॅक अँड ब्लू’च्या आधी तेरा कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह छापून झाला होता. पहिली कादंबरी ‘द फ्लड’ १९८६ ची. म्हणजे पहिल्या पुस्तकापासून पहिल्या मोठ्या पुरस्कारापर्यंत अकरा वर्षं गेली. या काळात त्यांनी द्राक्षं तोडली, डुकरं राखली, करखात्यात काम केलं, लंडनला हाय-फाय यंत्रांवरच्या मासिकात पत्रकारी केली. १९९० च्या सुमारास लंडन परवडेना म्हणून फ्रान्सच्या ग्रामीण भागात जुनं घर घेऊन सहा वर्षं राहिले.

तुमच्या कामाची गोष्ट १९८७ ते १९९१ या चार वर्षांत आहे. या काळात रीबसचं एकही पुस्तक आलं नाही. मधे एक हेरकथा आणि एक उपग्रहांवरची थरारकथा आली. त्या थरारकथेवर रँकिन स्वतः इतके नाराज होते की ती जवळपास तीस वर्षं पुन्हा छापली गेली नाही. १९९१ ला ते रीबसकडे परतले, त्यानंतर मात्र जवळजवळ दरवर्षी रीबस आला. शिवाय १९९३ ते १९९५ या तीन वर्षांत जॅक हार्वी या टोपणनावाने तीन थरारकथा लिहिल्या. टोपणनाव व्यवहारासाठी होतं. एकाच नावाची वर्षाला दोन पुस्तकं आली तर ती एकमेकांचं गिऱ्हाईक खातात.

आमचं स्पष्ट मत असं की रँकिन यांना वर नेलं ते एका शहराला आणि एका माणसाला चिकटून राहण्याने. पहिल्या पुस्तकानंतर विषय बदलणारे, पात्र बदलणारे, शहर बदलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वाचक पात्राच्या मागे येतो आणि त्याला यायला वेळ लागतो. नोकरी सोडू नका. दिवसाला ५०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, असं धरलं तरी ८०,००० शब्दांचा पहिला खर्डा बत्तीस आठवड्यांत होतो. खर्ड्यात अडलं की तिथे फुली मारून पुढे जा. रँकिन पहिला खर्डा झपाट्याने संपवतात, खुनी कोण हे बरेचदा त्यांनाही सुरुवातीला ठाऊक नसतं, आणि कुठली माहिती लागणार हे खर्डा झाल्यावरच कळतं म्हणून बारीक चौकशी नंतर करतात. उलटं करणारा माणूस माहिती गोळा करत बसतो आणि कादंबरी राहून जाते.

रीबसच्या गोष्टीत शवविच्छेदनाला दोन डॉक्टर कशाला? आणि तो ‘फिस्कल’ कोण? आपल्या पोलिसांच्या पद्धतीत हे कसं बसवायचं? (सिन्नर)

स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडहून वेगळा आहे. तिथे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी, नाही. संशयास्पद मृत्यूची खबर प्रोक्युरेटर फिस्कलकडे जाते. हा सरकारी वकील तपासावर देखरेख ठेवतो, शवविच्छेदनाचा आदेश देतो आणि खटला चालवायचा की नाही ते ठरवतो. स्कॉटिश कायद्यात आरोप सिद्ध करायला दोन स्वतंत्र आधार लागतात. म्हणून संशयास्पद मृत्यूत दोन पॅथॉलॉजिस्ट एकत्र शवविच्छेदन करतात. रीबसच्या कादंबऱ्यांतले गेट्स आणि कर्ट ही जोडी विनोदासाठी नाही, कायद्याने लागते म्हणून आहे. खटल्याला ज्युरी १५ जणांची. दोषी, निर्दोष आणि ‘शाबीत झालं नाही’ असे तीन निकाल तिथे होते. तिसरा निकाल रद्द करणारा कायदा स्कॉटिश संसदेने २०२५ मध्ये केला.

हे नाशिकमध्ये जसंच्या तसं आणू नका. आपल्याकडे फिस्कल नाही, ज्युरी नाही, आणि १ जुलै २०२४ पासून कलमंही बदलली आहेत. अजूनही १५४ कलमाखाली एफआयआर आणि ३०२ चा गुन्हा लिहिणारी हस्तलिखितं येतात. कथा जुलै २०२४ नंतरची असेल तर एफआयआर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली आणि खून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली.

एक प्रसंग धरू. ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, रामकुंडावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलंय. अशा पाण्यात पंचवटीत टाकलेला मृतदेह पंचवटीत सापडत नाही. तो खाली सायखेड्याकडे किंवा नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला लागतो. पंचवटी हे नाशिक शहर पोलीस आयुक्तालयातलं ठाणं. निफाड तालुका नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. मृतदेह जिथे सापडला त्या ग्रामीण ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची, म्हणजे ‘ए.डी.’ची, नोंद होईल. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली दोन पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा होईल, मग शवविच्छेदन. त्यात गळा दाबल्याचं निघालं की खुनाचा गुन्हा. घटना शहरातली आहे असं दिसलं की कागद शहराकडे वर्ग. शहरात तपास गुन्हे शाखेच्या युनिटकडे जाऊ शकतो, ग्रामीणला स्थानिक गुन्हे शाखेकडे, म्हणजे एलसीबीकडे. या दोन यंत्रणांमध्ये कागद फिरतात तो वेळ तुमच्या खुन्याला मिळतो. कथानकासाठी ही फट सोन्यासारखी आहे, आणि ती फक्त नदीचं पाणी आणि हद्दीचा नकाशा माहीत असलेल्यालाच सापडते.

नेहमी चुकतं ते सांगतो. व्हिसेरा (मृतदेहातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेकडे जातो आणि ‘सी.ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला वेळ लागतो. हस्तलिखितांत विषाचं नाव त्याच संध्याकाळी कळलेलं असतं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं अशी तरतूद आता आहे, झडतीचं चित्रीकरणही करायचं आहे; लेखक मोबाइल कॅमेरा विसरतात. अटक झाली की २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांत नाही गेलं तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. खुनाला ९० दिवस.

आणि सगळ्यात मोठी चूक कबुलीजबाबाची. शेवटच्या प्रकरणात पोलिसांसमोर आरोपी सगळं कबूल करतो आणि गोष्ट संपते. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. आरोपीने सांगितलेल्या जागेवरून हत्यार निघालं तर त्या सांगण्याचा तेवढाच भाग चालतो. म्हणून खरा पोलीस ‘कबूल कर’ म्हणून थांबत नाही, ‘चल, दाखव’ म्हणतो आणि पंच बरोबर घेतो. शेवट तिथे घडवा.

खऱ्या जागांची नावं घालावीत का? कुणी अंगावर आलं तर? (रविवार कारंजा)

रँकिन यांनी सुरुवातीला ग्रेट लंडन रोड नावाचं पोलीस ठाणं कल्पनेतून उभं केलं. पुढे धीर आल्यावर ते कथेत जाळून टाकलं आणि रीबसला खऱ्या सेंट लेनर्ड्स ठाण्यात आणलं. रीबसचं घर आर्डन स्ट्रीटवर, तो पितो तो ऑक्सफर्ड बार यंग स्ट्रीटवर. दोन्ही खरे. पण ‘फ्लेशमार्केट क्लोज’ या कादंबरीत जी वस्ती वाईट दाखवली आहे ती नॉक्सलंड रँकिन यांनी रचली आहे. यातून निघणारा नियम सोपा: माणसं जिथून चालत जातात, जेवतात, भांडतात त्या जागा खऱ्या ठेवा; जिथे गुन्हा घडतो, पैसे खाल्ले जातात, निष्काळजीपणाने कुणी मरतं ती संस्था काल्पनिक ठेवा. सराफ बाजार, गाडगे महाराज पूल, मुंबई नाका खरे चालतील. रुग्णालय, ट्रस्ट, गृहनिर्माण सोसायटी, कंपनी, पतसंस्था स्वतः नावं ठेवून निर्माण करा, आणि ते नाव खऱ्या संस्थेचं नाही ना हे शोधून खात्री करा.

शहराचं मोठं प्रकरण टाळू नका. रँकिन यांनी स्कॉटिश संसदेचं बांधकाम, २००५ ची जी-८ परिषद, निर्वासितांचा प्रश्न हे सगळं त्या त्या वेळी कथेत घेतलं. नाशिकला सिंहस्थ आहे, द्राक्ष निर्यात आहे, लासलगावचा कांदा आहे, अंबड-सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. सिंहस्थात बाहेरून बंदोबस्त येतो, स्थानिक पोलीस गर्दीत अडकतात. तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं लक्ष नसतं.

माझा नायक नाशिकचा पोलीस निरीक्षक आहे. रीबससारखी दहा पुस्तकं त्याच्यावर करायची आहेत. (इंदिरानगर)

थांबा. इथे कायदा आडवा येतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार निरीक्षक, सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षक यांचा सर्वसाधारण कार्यकाल एका ठाण्यात दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात आठ वर्षांचा. तुमचा निरीक्षक दहा पुस्तकं संपायच्या आत धुळ्याला किंवा जळगावला असेल. रीबस पंचवीस कादंबऱ्यांत एडिनबराला मुळं धरून राहू शकतो, नाशिकचा पीआय नाही राहू शकत.

तोड अशी: नायक हवालदार किंवा सहायक फौजदार करा. त्याचीही नेमणूक बदलते, पण पंचवटीहून उपनगरला, तिथून भद्रकालीला, शहरातल्या शहरात. अधिकारी बदलत राहतात, हा राहतो. कुठला पंच उलटतो, कुठल्या वाड्याला मागचं दार आहे, कुठला सराफ चोरीचं सोनं आटवतो हे त्याला पाठ असतं. नव्या साहेबाशी त्याचं जमतं की नाही, यातच दर पुस्तकाला नवा ताण तयार मिळतो. आम्हाला हा नायक निरीक्षकापेक्षा कितीतरी जास्त आवडेल.

वय पहिल्याच पुस्तकात ठरवा. रीबस जन्मला १९४७ ला आणि पुस्तकांबरोबर खऱ्या वेगाने म्हातारा होतो. साठीला निवृत्ती आली आणि रँकिन यांना २००७ ला त्याला घरी बसवावं लागलं. पुढे २०१२ मध्ये जुन्या न सुटलेल्या प्रकरणांच्या विभागात साधा नागरिक म्हणून परत आणलं. आपल्याकडे निवृत्ती ५८ ला. नायक पहिल्या पुस्तकात ४८ चा केलात तर वर्षाला एक पुस्तक काढूनही दहाच वर्षं हातात. ३६ चा करा. एका वहीत त्याचं जन्मवर्ष, भरतीचं वर्ष, प्रत्येक नेमणूक, मुलांची वयं, गुडघा कधीपासून दुखतो ते सगळं लिहून ठेवा. मालिकेत वाचक पकडतात त्या चुका बहुतेक याच तपशिलांतल्या असतात.

गावातल्या खऱ्या, न सुटलेल्या खुनावर लिहू शकतो का? (ओझर)

‘ब्लॅक अँड ब्लू’च्या मागे खरं प्रकरण आहे. ग्लासगोच्या बॅरोलँड नृत्यगृहातून १९६८-६९ मध्ये गेलेल्या तीन स्त्रियांचे खून झाले, वृत्तपत्रांनी खुन्याला बायबल जॉन नाव दिलं, तो सापडला नाही. रँकिन यांनी त्याची नक्कल करणारा जॉनी बायबल हा काल्पनिक खुनी रचला आणि कादंबरीचं वजन त्याच्यावर ठेवलं. तुम्हीही तेच करा: मूळ घटना पार्श्वभूमीला, नवा गुन्हा पुढे.

ओझरसारख्या गावात मृताचे नातेवाईक हयात असणार. मृत व्यक्तीची बदनामीही, कुटुंबीयांना दुखावण्याच्या हेतूने केली असेल तर, गुन्हा ठरू शकते. लैंगिक अत्याचार असेल तर पीडितेची ओळख पटेल असं काहीच नको. ना नाव, ना गल्ली, ना शाळा. तो स्वतंत्र गुन्हा आहे. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापल्याने यातलं काही टळत नाही. वय, धंदा, गाव, नातं, मृत्यूची पद्धत यांतल्या निदान तीन गोष्टी बदला. खरंच घटना हवी असेल तर जुन्या इतिहासात जा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्या काळातलं नाशिक, त्या रात्रीची धरपकड, यावर कादंबरीला पुष्कळ जागा आहे.

रीबस टीव्हीवर कुणी केला? (देवळाली कॅम्प)

जॉन हॅना (२०००), केन स्टॉट (२००६ पासून) आणि रिचर्ड रँकिन (२०२४). शेवटच्या नटाचं लेखकाशी नातं नाही, आडनाव तेवढं एक. आमचं मत केन स्टॉटला.

प्रकाशकाने करारपत्र पाठवलंय. काय बघू? (नाशिक रोड)

एडिनबरातच जन्मलेल्या आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी सर्व हक्कांसह २५ पौंडांना विकून टाकली. ती १८८७ ला छापली गेली आणि पुढे जगभर खपली, त्यांना वर पैसा मिळाला नाही. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ हे शब्द दिसले तर खोडायला सांगा.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळं म्हटलं नसेल तर, ते परत तुमच्याकडे येतात. मुदत, प्रदेश, भाषा आणि स्वरूप (छापील, ई-पुस्तक, ऑडिओ, चित्रपट-मालिका) वेगवेगळं लिहून घ्या. गुन्हेकथेत चित्रपट-मालिकेचा हक्क सगळ्यात मोलाचा, आणि पात्राचा हक्क त्याहून. प्रकाशकाकडे हे एक पुस्तक जावं, नायक नाही. पुढची पुस्तकं आम्हालाच द्यावीत अशी अट असेल तर ‘पहिल्यांदा वाचायला देऊ, साठ दिवसांत होकार आला नाही तर मोकळे’ एवढ्यावर आणा.

रॉयल्टी छापील किमतीवर की विक्रेत्याची सूट वजा जाता आलेल्या रकमेवर, हे शब्दांत हवं. ३०० रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के म्हणजे छापील किमतीवर ३० रुपये. ४० टक्के सूट गेल्यावरच्या १८० वर तेच दहा टक्के १८ रुपये होतात. हिशेब वर्षातून कुठल्या महिन्यात मिळणार, आवृत्ती किती प्रतींची, संपल्यावर किती महिन्यांत पुन्हा छापणार आणि न छापल्यास हक्क कधी सुटणार, तेही घाला. दोन्ही सह्यांची मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, झेरॉक्सवर भागवू नका.